दहा किलोमीटरसाठी कोल्हापूर

शर्यतीतला धावण्याचा भाग त्यातल्या त्यात सुखाचा. १० किलोमीटर म्हणजे माझ्या गतीनं तास-सव्वा तास, आणि तेवढा वेळ कुणी काही बोलत नाही, कारण बोलायला श्वास शिल्लक नसतो. खरा कस लागतो तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, गाडी एक, माणसं पाच, आणि पाचही जणांनी धावण्यावरचे व्हिडिओ पाहिलेले.

आमच्यातले एक 'कोच'. त्यांची नेमणूक कुणी केली, हे कुणालाच आठवत नाही. त्यांच्याकडे शिट्टी होती, बाकीच्यांकडे नव्हती. दुसरे डॉक्टर. आहेत दातांचे, पण बोलतात गुडघ्यांवर. तिसरे सीए, जे पेट्रोलचा आणि पेसचा, म्हणजे किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांचा, हिशेब एकाच एक्सेल शीटमध्ये ठेवतात. कोचच्या सौ. म्हणजे आम्हा सर्वांच्या वहिनी. या एकट्याच खरोखर वेगात धावतात, त्यामुळे या विषयावर त्या फारसं बोलत नाहीत. आणि पाचवा मी.

शर्यत रविवारी पहाटे, पण बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला शनिवारी संध्याकाळच्या आत स्वतः हजर राहायचं. म्हणजे मुक्काम आला. बिब वाटपाच्या जागेला 'एक्स्पो' म्हणतात. आमचा एक्स्पो मंगल कार्यालयात होता. जिथे एरवी आहेर स्वीकारतात तिथे एक मुलगा ओळखपत्र तपासत होता, आणि जेवणाच्या हॉलमध्ये मांड्यांना हादरे देणारी यंत्रं विकायला ठेवली होती. डॉक्टरांनी ते यंत्र फुकटात दोन्ही पोटऱ्यांना लावून घेतलं, मग मानेला, मग परत पोटऱ्यांना. शेवटी विक्रेत्यानंच ते हळूच काढून घेतलं.

रात्री कोचनी फर्मान काढलं. तिखट नाही, तेलकट नाही, नवीन काही नाही. फक्त कार्बो-लोडिंग. म्हणजे कोल्हापुरात येऊन साधा भात. त्यावर डॉक्टरांनी शास्त्र काढलं. भात-बटाटे ठासून साठा करण्याचा उपयोग दीड तासाच्या वर चालणाऱ्या शर्यतीला. १० किलोमीटरला शरीरात असतो तेवढा साठा पुरतो. हे खरंच आहे. पण याचा अर्थ तांबडा रस्सा चालतो असा होत नाही, हे कोचचं म्हणणंही खरं होतं. शेवटी डॉक्टरांनी 'पांढरा रस्सा तिखटात मोडत नाही' ही पळवाट शोधली आणि त्या पळवाटेनं तीन वाट्या गेल्या. पुढे शतपावलीच्या नावाखाली आम्ही गंगावेशीत पोहोचलो. तिथे म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात. तालमीतले पैलवान ते पितात, म्हणून सीएंनीही प्यायलं. पैलवानांना दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बिब लावून उभं राहायचं नसतं, हा मुद्दा त्यांच्या शीटमध्ये नव्हता.

आता शर्यतीच्या पहाटेविषयी. लोक पायांची काळजी करतात. अनुभवी धावक पोटाची करतो. आमच्या खोलीत आम्ही तिघे, संडास एक. सव्वातीनला तिन्ही फोन तीन वेगवेगळ्या भूपाळ्या गाऊ लागले. सीएंनी आदल्या रात्रीच माणशी सात मिनिटांचं वेळापत्रक ठरवलं होतं. पहिला नंबर डॉक्टरांचा.

"झालं का हो?"

"घाई करून होणारी गोष्ट आहे का ही?"

"केळं खाल्लंत ना?"

"खाल्लं."

"कॉफी?"

"दोनदा."

दाराबाहेर सीए एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्याला ते वॉर्म-अप म्हणत होते, पण चेहऱ्यावर वॉर्म-अपची कळा नव्हती. गंगावेस बोलू लागली होती. माझा नंबर आला तेव्हा कोच खालून शिट्टी वाजवत होते. शिट्टीनं हे काम होत नसतं. ज्यांना अटॅच्ड बाथरूमची वेगळी खोली मिळते, त्यांना ते कळत नाही.

मैदानावर काळोखात झुंबा सुरू होता. मंचावरची मुलगी "एनर्जी कुठाय कोल्हापूर?" असं विचारत होती, आणि कोल्हापूर पोर्टेबल शौचालयांच्या रांगेत उभं होतं. झेंडा दाखवायला पाहुणे यायचे होते. पाहुणे आले, स्वागत झालं, फेटा झाला, मनोगत झालं. तोवर वॉर्म-अप केलेलं शरीर पुन्हा गार पडलं होतं.

सुटलो एकदाचे. पहिल्या रांगेत पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं होती. भरतीला त्यांना १६०० मीटर जीव तोडून पळावं लागतं, त्यामुळे १० किलोमीटर म्हणजे त्यांच्या लेखी रविवारचा सराव आणि जमलं तर बक्षिसाचे पैसे. ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि आम्हाला पुन्हा दिसली ती परत येताना, म्हणजे आमचं निम्मंसुद्धा व्हायचं होतं तेव्हा. एकानं जाता जाता मला "चला काका, जवळच हाय!" असं सांगितलं. जवळ नव्हतं.

सातव्या किलोमीटरला एक आजोबा दुधाच्या किटल्या लावलेली सायकल धरून उभे होते. आमच्यासाठी रस्ता अडवला होता, त्यामुळे त्यांचा रतीब खोळंबलेला. मी दम खायला थांबलो.

"कुटनं आलासा?"

"पुण्याहून."

"हितं पळायला?"

"हो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "पुन्यात रस्तं न्हाईत व्हय?"

"आहेत. पण खणलेत."

"मग बरुबर हाय," असं म्हणून त्यांनी मला वाटेतून बाजूला घेतलं, कारण मागून वहिनी येत होत्या. वहिनी २१ किलोमीटर धावत होत्या.

शर्यत संपली की वाद सुरू होतो. माझ्या घड्याळात १०.१८ किलोमीटर, डॉक्टरांच्या १०.२२, आणि कोचच्या घड्याळात बरोबर १० भरले तिथेच त्यांनी ते बंद केलेलं. डॉक्टरांच्या मते आयोजकांनी दोनशे मीटर जास्तीचे धाववले. वास्तविक प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून मोजतात, तोही वळणांच्या आतल्या, सगळ्यात जवळच्या रेषेवरून. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो आणि ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडतो, ते दोनशे मीटर तिथले. हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

बक्षीस फक्त कोचना मिळालं, वयोगटात तिसरं. त्या गटात धावलेले किती, हे विचारायचं नसतं. डॉक्टर येत्या मार्चमध्ये साठीत पदार्पण करताहेत आणि वरच्या गटात जायला मिळणार म्हणून आत्तापासून खुशीत आहेत. वय वाढावं म्हणून दिवस मोजणारी माणसं मला या छंदातच भेटली.

मग मिसळ. किलोमीटरमागे वजनाच्या किलोला साधारण एक कॅलरी जळते. माझं वजन ७८, म्हणजे जेमतेम ७८० जमा. सीएंनी हा आकडा टेबलावर मांडला आणि कट, स्लाइस, ताक असा खर्च लिहायला घेतला. दुसरी प्लेट आल्यावर त्यांनी पेन खिशात घातलं.

परतीला हायवेवर कामं चालू, दर थोड्या अंतरावर गाडी सेवारस्त्यावर उतरवायची. मागच्या सीटवर सगळे आडवे झालेले. कऱ्हाड मागे पडलं तेव्हा सीएंच्या मनगटावरून टुणकन आवाज आला. घड्याळ मैदानावर बंद करायचं राहूनच गेलं होतं, आणि ते त्यांचं आयुष्यातल्या सर्वांत वेगवान १० किलोमीटरबद्दल अभिनंदन करत होतं. वेळ, साडेसात मिनिटं.

पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसानं ती नोंद स्ट्राव्हा या धावकांच्या ॲपवरून अजून पुसलेली नाही. विचारलं तर म्हणतात, ऑडिटमध्ये बघू. तिला बावीस जणांनी कुडोज, म्हणजे तिथली शाबासकी, दिलेत. त्यातला एक पाहुण्यांची वाट बघताना भेटलेल्या त्या भरतीवाल्या पोराचा आहे, खाली लिहिलंय, "काका, नाद खुळा!"