अपील म्हणजे फार्स? एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला बसलो होतो, पण रात्री रागात लिहिलेलं सकाळी पुसायला लागतं हा अनुभव गाठीशी असल्यामुळे थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. महारेराची (म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याखाली बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) ऑर्डर मनासारखी आली नाही तर अपील कसं करायचं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की अपील हा निव्वळ फार्स आहे, वर बसलेलेही त्याच खात्याचे, ते खालच्यांचीच री ओढणार, बिल्डर अपिलात गेला की त्याला आपोआप स्टे (ऑर्डरला स्थगिती) मिळतो, आणि तुमच्या मेव्हण्यांचं अपील तर मुदत टळली म्हणून काही ऐकून न घेताच फेटाळलं. शेवटी "तुमच्यासारखे लोक सिस्टिमची वकिली करतात" असंही आहे. हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं तर ती हसायलाच लागली, कारण आमच्या घरात सिस्टिमला सगळ्यात जास्त शिव्या मीच घालतो.

आधी माझी चूक कबूल करतो. लेखात मी "ऑर्डरच्या तारखेपासून ६० दिवस" असं लिहून बसलो होतो, ते बरोबर नाही. रेरा कायद्याच्या कलम ४४ मध्ये ऑर्डरची प्रत मिळाल्यापासून ६० दिवस असं आहे. म्हणजे ऑर्डर १ तारखेला झाली आणि प्रत २० तारखेला हातात पडली तर मोजायला सुरुवात २० पासून. लेखात दुरुस्ती केलीय. मुदतीवरून तुम्ही टोकलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं, त्यामुळे त्याबद्दल मनापासून थँक्स.

आता "त्याच खात्याचे लोक". हे तुम्ही माहितीच्या अधिकारातल्या पहिल्या अपिलाबद्दल म्हटलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. तिथे माहिती अधिकाऱ्याच्या विरोधात अपील त्याच ऑफिसातल्या त्याच्या वरच्या साहेबाकडे जातं, दोघं एकाच मजल्यावर बसतात, चहाही एकत्र घेत असतील, आणि तिथे खालच्याचीच री ओढलेली मी स्वतः पाहिलीय. पण महारेरावरचं अपील महारेराच्या साहेबाकडे जात नाही, ते जातं अपिलेट ट्रिब्युनलकडे (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे), आणि ती वेगळी संस्था आहे. तिचे अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायमूर्तीच असावे लागतात आणि प्रत्येक बेंचवर किमान एक न्यायिक सदस्य लागतोच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचंही तसंच, सेबीच्या ऑर्डरवर अपील ऐकणारं सॅट (सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनल) हे सेबीचं खातं नाही. आता वेगळी संस्था आहे म्हणून निकाल चांगलाच लागतो असं मी म्हणत नाहीये हं, पण "चोराच्या हाती किल्ल्या" हे इथे लागू होत नाही एवढंच.

स्टेचं मात्र साफ उलटं आहे. नुसतं अपील दाखल झाल्याने ऑर्डर थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. आणि बिल्डरला तर त्याआधीच अडसर आहे, कलम ४३(५) प्रमाणे त्याचं अपील ऐकायलाच घ्यायचं तर आधी पैसे भरायचे, दंडाची ऑर्डर असेल तर दंडाच्या किमान ३० टक्के, आणि ग्राहकाला रक्कम द्यायची ऑर्डर असेल तर व्याज-नुकसानभरपाई धरून सगळीच्या सगळी. बिल्डर लोक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात कोर्टाने ही अट कायम ठेवली. ग्राहकाने अपील केलं तर त्याला अशी अट नाही. हां, यात एक मेख आहे आणि तिथे तुमचा वैताग मला पटतो: बिल्डरने भरलेले पैसे ट्रिब्युनलकडे पडून राहतात, तुमच्या खात्यात येत नाहीत, आणि तुम्ही इकडे भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसता.

पण तुमच्या प्रतिक्रियेतला खरा मुद्दा मला वेगळाच वाटतो. तुम्ही (आणि पूर्वी मीसुद्धा) अपील म्हणजे आपली कैफियत मोठ्या साहेबापुढे पुन्हा एकदा मांडणं असं समजता. तसं ते नसतं.

माझंच सांगतो. आमच्या फ्लॅटचा ताबा रखडला होता, बिल्डरचं नाव घेत नाही. ऑर्डरमध्ये उशिराचं व्याज मिळालं, पण ते ॲग्रीमेंटमधल्या ताब्याच्या तारखेपासून नाही तर त्यानंतर तब्बल चौदा महिन्यांनी येणाऱ्या तारखेपासून. मी पेटलोच. दोन रविवार खर्ची घालून १४ पानी अपील लिहिलं. बिल्डरने फोन कसे उचलले नाहीत, साइटवर वॉचमन कसा आत सोडायचा नाही, आईला जिने चढून सॅम्पल फ्लॅट कसा दाखवला होता, सगळं. ते घेऊन ओळखीतल्या एका वयस्कर वकिलांकडे गेलो. त्यांनी माझी १४ पानं उलटी करून टेबलावर ठेवली, म्हणाले "हे नंतर वाचतो, आधी ऑर्डर द्या". मग लाल पेन्सिल घेऊन ऑर्डर वाचत बसले, वीसेक मिनिटं एक शब्द नाही. नवव्या परिच्छेदावर पेन्सिल थांबली. तिथे लिहिलं होतं, "ताब्याची तारीख वाढवण्यास तक्रारदाराची संमती होती असे दिसून येते." त्यांनी "दिसून येते" खाली रेघ मारली आणि मला विचारलं, "कशावरून दिसून येते? कुठला कागद आहे?" कुठलाच नव्हता. बिल्डरने एक एकतर्फी पत्र पाठवलं होतं, त्यावर माझी सही नव्हती, आणि ऑर्डरमध्ये त्या पत्राचा साधा उल्लेखही नव्हता. "मग हे तुमचं अपील," ते म्हणाले. पुढे टाइप होऊन आलं ते साडेतीन पानं होतं. वॉचमन गेला, आईचे जिने गेले, मला तेव्हा ते फार लागलं होतं.

सांगायचं काय, तर अपिलात तुमच्यावर किती अन्याय झाला हे बघत नाहीत, ऑर्डरमध्ये नेमकं कुठे चुकलं ते बघतात. पुरावा नसताना काही गृहीत धरलंय का, तुम्ही दिलेला कागद बघितलाच नाही का, कारणच दिलं नाही का, तुम्हाला बाजू मांडायला तारीखच मिळाली नाही का. त्यामुळे ऑर्डर "बोलकी" आहे की मुकी, म्हणजे तिच्यात निकालाची कारणं लिहिलीयत की नाही, हे आधी बघायचं. सरकारी अधिकाऱ्याच्या ऑर्डरबद्दल तर मोहिंदर सिंग गिल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगून ठेवलंय की ऑर्डर तिच्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकली पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्र करून नवीन कारणं चिकटवता येत नाहीत.

आणि याचीच दुसरी बाजू, जी मला महागात पडली. साइट इंजिनिअरचा एक मेसेज माझ्या मोबाइलवर होता, काम नेमकं का बंद आहे ते त्याने स्वतःच लिहिलेला. खालच्या सुनावणीत मी तो दिलाच नव्हता, वाटलं एवढं काय लागणार आहे. ट्रिब्युनल दिवाणी प्रक्रिया संहितेला बांधलेलं नाही असं कायदा म्हणतो, पण नवा कागद काढला की पहिला प्रश्न हाच येतो की हा तेव्हा का नाही दिला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे अपील वर चालतं पण त्याचा माल सगळा खालीच भरावा लागतो, पहिल्या तक्रारीला जो माणूस "आत्ता थोडक्यात टाकू, पुढचं अपिलात बघू" म्हणतो त्याचं अपील तिथेच गेलेलं असतं.

निकाल काय लागला? माझ्या बाजूने लागला आणि तरी मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. कारण ट्रिब्युनलने ऑर्डर रद्द केली आणि प्रकरण परत खाली पाठवलं, नव्याने ऐका म्हणून. रिमांड. पुन्हा तोच बोर्ड, पुन्हा त्याच तारखा. आठ महिने त्यात गेले, मग ॲग्रीमेंटच्या तारखेपासून व्याज मिळालं. तुम्ही फार्स म्हणालात तेव्हा मला वाटलं तुम्ही रिमांडबद्दल बोलणार, पण तुम्ही बोललाच नाहीत. सगळे कागद समोर असताना व्याजाचा हिशोब तिथल्या तिथे का करता येऊ नये हे मला आजही कळलेलं नाही. ६० दिवसांत अपील निकाली काढायचा "प्रयत्न करावा" असं कायद्यात आहे, आणि आपल्याकडे प्रयत्न करावा म्हटलं की काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू.

अजून एक, मूळ लेखात राहून गेलेलं. ऑर्डरमध्ये नुसती बेरीज चुकलीय, तारीख किंवा फ्लॅट नंबर चुकलाय अशी उघड दिसणारी चूक असेल तर अपिलाच्या फंदात पडू नका. कलम ३९ खाली महारेराकडेच दुरुस्तीचा अर्ज करता येतो, ऑर्डरपासून २ वर्षांपर्यंत. पण एकदा अपील टाकलं की हा रस्ता बंद. आणि दुरुस्तीच्या नावाखाली निकालच फिरवून मिळत नाही, तसा प्रयत्न लोक करतात आणि तोंडावर पडतात.

राहता राहिले तुमचे मेव्हणे. मुदत टळली की दार बंद असं नसतं, सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, आणि एकेका दिवसाचा हिशोब मागण्याचा अतिरेक करू नये असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये कातिजी केसमध्ये म्हटलंय. पण उशीर माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्यात कारण आणि त्याचा कागद लागतो, आजारपण असेल तर दवाखान्याचे पेपर वगैरे. मुदतीचंही प्रत्येक कायद्याचं वेगळं आहे, रेराला ६० दिवस, सेबीच्या ऑर्डरला ४५, माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलाला ३०, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेला आकडा धरून बसू नये. त्यांना तीन गोष्टी विचारा: ऑर्डरची प्रत ईमेलवर नेमकी कुठल्या तारखेला आली, कारण माझ्यासारखंच कुणी चुकीच्या तारखेपासून मोजलं असेल तर कदाचित उशीर झालेलाच नसेल. दुसरं, माफीचा अर्ज जोडला होता का नुसतंच अपील टाकलं होतं. आणि तिसरं, फेटाळल्याची ऑर्डर कधी मिळाली, कारण तिथून पुढे कलम ५८ खाली हायकोर्टात जायला ६० दिवस असतात. तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात, पण मुदत कुठून मोजायची हा तसा प्रश्न होऊ शकतो. कळवा, मात्र केस नंबर आणि नावं इथे उघड्यावर टाकू नका, नुसत्या तारखा पुरेत.