दिवा लागेना, अर्थ लागेना

गाडीचा मागचा दिवा गेल्याची बातमी मालकाला सगळ्यात शेवटी कळते. सोसायटीच्या वॉचमनला आठवडाभर आधी माहीत असतं, मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला माहीत असतं, हवालदाराला तर असतंच. मग कधीतरी सिग्नलला एखादा बाइकवाला काचेवर टकटक करतो, "काका, डावा ब्रेक लाइट लागत नाहीये." 'काका'चा धक्का ओसरला की आपण म्हणतो, त्यात काय, साधा बल्ब तर आहे, रविवारी बदलू.

या 'त्यात काय'मध्येच पुढचा अख्खा रविवार बसलेला असतो.

सुरुवात दुकानात होते. दुकानदार विचारतो, "सिंगल की डबल?" आपण चहा सांगावा तसं म्हणतो, "सिंगल द्या." बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि टेल (पार्किंग लाइटबरोबर लागणारा मागचा मंद दिवा) एकाच बल्बात असतात आणि तो डबल असतो. आत दोन तारा, ब्रेकची २१ वॉटची आणि टेलची ५ वॉटची. बुडाला दोन ठिपके, आणि बाजूच्या दोन पिना मुद्दाम खाली-वर ठेवलेल्या, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. सिंगलच्या बुडाला एकच ठिपका आणि पिना एका रेषेत. एवढी तजवीज करणाऱ्या कंपन्यांना आपल्या मनगटाचा अंदाज नसतो. सिंगल बल्ब डबलच्या होल्डरमध्ये जात नाही, घातला जातो. मग त्याचा तो एकुलता एक ठिपका होल्डरमधल्या दोन्ही पट्ट्यांना टेकतो आणि ब्रेकची व टेलची लाइन एक होते. पार्किंग लाइट लावले की ब्रेकचे दिवेही पेटून बसतात आणि ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो. गाडीला दिवाळी झालेली असते, मालकाला तेवढी नसते.

समजा, बल्ब बरोबर आणला, नीट बसवला, आणि तरी लागत नाही. इथे गर्दी जमते. गर्दीतला पहिला माणूस म्हणतो, "शॉर्ट असणार." आपल्याकडे विजेचा कुठलाही आजार 'शॉर्ट' असतो, जसा लहान मुलाचा कुठलाही आजार 'दात येतायत' असतो. माझं यावर ठाम मत आहे: फ्यूज शाबूत असेल तर 'शॉर्ट' हा शब्द कुणी उच्चारूच नये. शॉर्ट म्हणजे करंटला मधला आडरस्ता मिळाला. मग तो बेसुमार वाहतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज धडधाकट आणि दिवा बंद, म्हणजे उलट रस्ता कुठेतरी तुटलाय किंवा अरुंद झालाय. दोन्हींचं औषध वेगळं. फ्यूज खरंच उडाला असेल तर त्याच रंगाचा घालावा. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. लाल दोनदा उडाला म्हणून पिवळा घालणारे लोक ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणाऱ्यांपैकी असतात, फक्त इथे थर्मामीटरच्या जागी वायरिंग जळतं.

आता खरी मजा. कुणीतरी स्टिअरिंगवर बसतं, आपण मागे उभे राहतो आणि ओरडतो, "दाबा!" ब्रेक दाबला की डावा ब्रेकचा दिवा लागत नाही, पण त्याच बल्बातली टेलची बारीक तार लाल होते. पुढे डाव्या इंडिकेटरमध्ये काहीतरी मंद केशरी धुगधुगतं. पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला तर उजळायच्या ऐवजी दिवा मंदावतो. गर्दीतला दुसरा माणूस म्हणतो, "गाडी विकून टाका."

यात भूतबाधा नाही. उलट गाडीतला सगळ्यात तर्कशुद्ध प्रकार हाच. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, दिवा पेटवतो आणि गाडीच्या पत्र्यातून मायनसला घरी परततो. मागच्या एका बाजूच्या सगळ्या दिव्यांचा हा परतीचा रस्ता बहुतेक वेळा एकच असतो: एक काळी वायर, तिच्या टोकाला एक गोल लग (वायरीला दाबून बसवलेली धातूची कडी), आणि तो पत्र्याला आवळणारा एक बोल्ट. हेच ते अर्थिंग. बोल्ट गंजला की परतीचा दरवाजा बंद. पण करंट काही दारात बसून राहणारा पाहुणा नव्हे. चाळीत आपलं मागचं दार अडकलं तर माणूस शेजाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडतो, तसा तो २१ वॉटच्या तारेतून येऊन शेजारच्या ५ वॉटच्या तारेत उलट्या दिशेने शिरतो आणि टेलच्या लाइनीतून बाकीच्या पार्किंग दिव्यांकडे, नंबरप्लेटच्या दिव्याकडे जाऊन त्यांच्या अर्थिंगमधून घरी पोचतो. बारीक तारेचा अडथळा जास्त, म्हणून पेटते ती. इंडिकेटरच्या तारेतून शिरला की त्याच बाजूचा पुढचा इंडिकेटर धुगधुगतो. आणि टेलची लाइन आधीच १२ व्होल्टवर असली, तर ब्रेकच्या करंटला तिथूनही वाट मिळत नाही, म्हणून दिवा मंदावतो. एक दिवा लावल्यावर भलतेच दोन दिवे जागे होत असतील, तर बल्ब खाली ठेवा आणि काळी वायर शोधा.

ती सापडते डिक्कीच्या आतल्या कार्पेटमागे, दिव्याच्या जवळपास. बहुतेक १० नंबरचा पाना लागतो, आणि १० नंबरचा पाना कुठल्याही पेटीत त्या दिवशी नसतो. बोल्ट काढला की लगखाली तपकिरी गंज आणि वायरीच्या तांब्यावर हिरवा थर दिसतो. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, तीच ही जात. कोकणातल्या, खाऱ्या वाऱ्यातल्या गाड्यांना हा थर अंमळ लवकर येतो. पॉलिश पेपरने लग आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा. रंगावर बोल्ट आवळून उपयोग नाही, रंगातून करंट जात नाही. आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन, म्हणजे पाणी आत जाणार नाही. थर वायरीच्या आतवर पोचला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा लग दाबायचा. नुसता सेलोटेप गुंडाळून पुढच्या पावसाची वाट बघू नये.

"पण मी मीटर लावला, होल्डरमध्ये पूर्ण १२ व्होल्ट आहेत!" हे वाक्य प्रत्येक पार्किंगमध्ये ऐकू येतं. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला भूक नसते. तो इतका कमी करंट घेतो की वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी १२ दाखवतो. बल्बाला पावणेदोन अँपिअर लागतात. ते त्या धाग्यातून येत नाहीत. म्हणून बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला, आणि मग माप. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन होल्डरच्या अर्थिंगच्या पट्टीवर. बॅटरी डिक्कीपर्यंत येत नाही, त्यामुळे काळ्या पिनेला लांब वायर जोडावी लागते. आकडा ०.१-०.२ व्होल्टपर्यंत असला तर अर्थिंग निर्दोष. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला. अर्धा-एक व्होल्टाने काय होतं, असं वाटत असेल तर तारेच्या बल्बाचा स्वभाव समजून घ्या: व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो.

मीटर ओहमवर ठेवून बल्ब तपासणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. हेडलाइटची ५५ वॉटची तार पेटलेली असताना तिचा रेझिस्टन्स सुमारे २.६ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. स्वस्त मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढा आकडा येतो. मग नवाकोरा बल्ब 'शॉर्ट' ठरवून दुकानात परत नेला जातो, आणि दुकानदार तो दोन वायरी लावून काउंटरवरच्या बॅटरीवर पेटवून दाखवतो. पाहण्यासारखं दृश्य असतं, आपण गिऱ्हाईक नसलो तर. खरं तर मीटरपेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियनचा टेस्ट लॅम्प बरा: ५ वॉटचा बल्ब, दोन वायरी, एक क्लिप. त्याला भूक असते. फक्त तो एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि कॉम्प्युटरच्या बारीक वायरींना लावू नये. तिथली भानगड ब्रेक लाइटपेक्षा महाग पडते.

एलईडी लावली की सगळे प्रश्न सुटतात असं म्हणणारा गर्दीतला तिसरा माणूस. इंडिकेटरला लावली की ती इतका कमी करंट घेते की गाडी समजते बल्ब उडालाय, आणि टिकटिक दुप्पट वेगाने सुरू होते. उपाय म्हणून ६ ओहमचा, ५० वॉटचा रेझिस्टर जोडतात. म्हणजे वीज वाचवणारा दिवा घ्यायचा आणि वाचलेली वीज जाळायला शेगडी विकत घ्यायची. ती खरोखर चटका देते. प्लास्टिकवर किंवा वायरिंगवर न बांधता पत्र्यावर स्क्रूने बसवावी.

हेडलाइटबद्दल थोडक्यात. एच-४ बल्बाला तीन पाती असतात: डिप्पर, अप्पर आणि कॉमन. कॉमन म्हणजे अर्थिंग, हे मात्र गृहीत धरू नये. काही जपानी घराण्यांच्या गाड्यांत कॉमनला प्लस येतो आणि स्विच मायनस जोडतो. हे न कळता कॉमन पातं पत्र्याला जोडून 'अर्थिंग डायरेक्ट मारलं' की फ्यूज टप्पकन जातो, आणि इथे पहिल्यांदाच 'शॉर्ट' हा शब्द बरोबर ठरतो. ६०/५५ वॉटच्या (अप्पर/डिप्पर) जागी १००/९०चा बल्ब हा दुसरा हट्ट. ५५ वॉटला सुमारे साडेचार अँपिअर, १०० वॉटला आठच्या वर. मूळ वायरी आणि कपलर, म्हणजे बल्बाच्या पात्यांवर बसणारा प्लास्टिकचा जोड, तेवढ्यासाठी केलेले नसतात. कपलर आधी तपकिरी होतो, मग मऊ. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर टाकायची नसेल तर मोह आवरा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, लागलंच तर स्पिरिटने पुसावं. बोटाचं तेल राहिलं तर तेवढीच जागा तापून काच लवकर जाते.

बाकी कसब हाताचं आहे. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला वॉशरची टाकी, मधल्या फटीतून मनगट जात नाही. गेलंच तर दिसत नाही, म्हणून बल्ब अडकवणारी तारेची क्लिप चाचपून सोडवायची. ती निसटली तर बंपरच्या पोटात जाते, म्हणून खाली आधी फडकं अडकवून ठेवावं. ब्रेक दाबायला माणूस नसेल तर काठी सीट आणि पेडलच्या मध्ये टेकवावी, किंवा रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावावी आणि आरशात लाल उजेड बघावा. यामुळे "दाबा! सोडा! अहो, सोडा म्हटलं!" हा संवाद वाचतो आणि संसारही.

आणि बॉनेट लावण्याआधी बॅटरीवर एक नजर टाका. हेडलाइटच्या पाठीवरची काळी रबरी टोपी तिथेच राहिलेली असते.