सीट बदलल्यावरची मापे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. लगेच उत्तर लिहिले असते तर शब्दांचा तोल राहिला नसता, म्हणून थांबलो. सायकलची सीट बदलल्यावर बसण्याची जुनी जागा नव्या सीटवर कशी आणावी, यावर मी लिहिले होते. त्यावर आपले मुद्दे असे : नव्या सीटचे टोक जुन्या टोकाच्या जागी आणले की काम संपते. सीट जिथे ८० मिलिमीटर रुंद होते त्या जागेवरून मोजण्याचा माझा आग्रह नवशिक्यांना घाबरवतो आणि तो आकडा सर्वांना लागू कसा, हेही मी सांगितलेले नाही. सीट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट किती जोराने आवळावा याचा मी दिलेला आकडा चुकीचा आहे. गुडघ्याची वाटी पॅडलच्या आसावर आली की बाकी काही पाहावे लागत नाही. शेवटी आपण लिहिता, आणि हे वाक्य मी जसेच्या तसे उतरवतो : "गवंड्यासारखा दोऱ्याला लोखंड बांधून सायकल जुळवणाऱ्यांनी लोकांच्या गुडघ्यांशी खेळू नये."

बोल्टबद्दल आपले बरोबर आहे. मी सरसकट ५ न्यूटन-मीटर लिहिले होते आणि ते तसे लिहायला नको होते. क्लॅम्पवर किंवा सीट पोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, जो आकडा छापलेला असतो तोच पाळावा, विशेषतः सीटचे रेल, म्हणजे क्लॅम्प ज्यांना पकडतो त्या खालच्या दोन दांड्या, कार्बनचे असतील तर. लेखात ही दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपले आभार मानतो.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. माझे वडील गवंडी होते. नाशिकच्या पंचवटीत आणि पुढे गंगापूर रोडच्या बाजूला वस्ती वाढत गेली तेव्हा तिथल्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या आहेत. त्यांच्या पिशवीत थापी, गुण्या, पाणसळ आणि पितळेचा एक ओळंबा असे. लेखातल्या छायाचित्रात सीटच्या टोकाशी जो दोरा लोंबताना दिसतो, त्याच्या खाली तोच ओळंबा आहे. "गवंड्यासारखा" हा शब्द आपण कमीपणा दाखवण्यासाठी वापरलात, हे वाक्याच्या सुरावरून कळते. माझ्या मापात चूक असेल तर ती दाखवावी, मी ती मान्य करीन, बोल्टच्या बाबतीत केलीच आहे. पण एखाद्या कामाला हिणवण्यासाठी दुसऱ्या कामाचे नाव घेणे मला पटत नाही, आणि जे काम डोळ्याला न दिसणारा तिरपेपणा दोऱ्याने पकडते त्याचे नाव तर मुळीच नाही.

आणि हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. सीटचे टोक बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्या जागेच्या, मध्यापासून किती मागे आहे हे मोजायचे तर वरून खाली सरळ उभी रेषा लागते. तशी रेषा देणारे ओळंब्याइतके भरवशाचे आणि स्वस्त साधन मला माहीत नाही. ज्या फरशीवर सायकल उभी आहे ती मात्र सपाट हवी, आणि इथे गवंड्याच्या घरात वाढल्याचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. आपल्याकडे गॅलरी, ओसरी, मोरीजवळची जागा यांना पाणी वाहून जावे म्हणून ढाळ दिलेला असतो. वडील पाच फुटांना एक इंच ढाळ देत. हा जवळपास एक अंशाचा उतार झाला, आणि तो नुसत्या नजरेला कळत नाही. माझ्या सायकलीवर सीट बॉटम ब्रॅकेटच्या सरळ उभ्या रेषेत सुमारे ६९० मिलिमीटर वर आहे. त्या उंचीवर एवढ्या उताराने मापात साडेअकरा मिलिमीटरांची चूक येते. बहुतेक लोक सायकल गॅलरीतच जुळवतात आणि मग महिनाभर रेलवर सीट पुढेमागे करत बसतात. उपाय साधा आहे. एकदा मोजावे, त्याच जागी सायकल उलट दिशेने उभी करून पुन्हा मोजावे आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी, म्हणजे ढाळाची चूक आपोआप निघून जाते. हे सगळे मूळ लेखात एका परिच्छेदात होते. आपण तो परिच्छेद वाचला असता तर कदाचित ते वाक्य लिहिले नसते.

टोकाला टोक जुळवण्याची पद्धत चुकीची आहे, हे मी कुठे वाचून लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केले होते. माझी जुनी सीट २७५ मिलिमीटर लांब होती. नवी आखूड नाकाची, २४५ मिलिमीटरची घेतली. ज्या दुकानातून ती घेतली तिथल्या माणसाने आपण म्हणता तसेच टोकाला टोक जुळवले. उंची बदलू नये म्हणून सीट पोस्टवर टेपने खूण केली आणि पोस्ट बरोबर त्या खुणेवर बसवला. मला ते अगदी व्यवस्थित वाटले. त्यानंतर त्र्यंबकेश्वरला दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा परत येताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली बारीक कळ सुरू झाली आणि तिच्याकडे मी दुर्लक्ष केले. पुढच्या महिन्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब राइडला, उतरलो. तिला साडेतेरा तासांची मुदत असते आणि माझ्या हाताशी वेळ भरपूर होता. मालेगावहून परतताना राहुड घाटाच्या चढावर पॅडल खाली दाबताना गुडघा इतका दुखू लागला की उतरून सायकल हातात धरून चालावे लागले. चांदवडला मी ती राइड सोडली.

घरी येऊन दोन्ही सीट समोर ठेवल्या आणि मोजल्या. माणूस सीटच्या टोकावर बसत नाही, बैठकीची हाडे मागच्या रुंद भागावर टेकतात, आणि तो भाग टोकापासून किती अंतरावर सुरू होतो हे प्रत्येक सीटचे वेगळे असते. म्हणून सीट ८० मिलिमीटर रुंद होते ती जागा संदर्भासाठी धरतात. जुन्या सीटवर ती टोकापासून १४२ मिलिमीटरवर होती, नव्या सीटवर ११४ मिलिमीटरवर. जुने टोक बॉटम ब्रॅकेटच्या ५२ मिलिमीटर मागे होते, म्हणजे बसण्याची जागा १९४ मिलिमीटर मागे. नव्या सीटवर तीच जागा हवी असेल तर टोक ८० मिलिमीटर मागे जायला हवे होते. ते ५२ वरच ठेवल्यामुळे मी २८ मिलिमीटर पुढे सरकून बसलो होतो.

एवढ्यावरही भागले नाही. सीट पोस्ट ज्या नळीत बसतो ती सीट ट्यूब आडव्या रेषेशी ७३ अंशांच्या आसपास कोन करून मागे कललेली असते, त्यामुळे सीट आडवी १० मिलिमीटर पुढे आणली की ती बॉटम ब्रॅकेटच्या साधारण ३ मिलिमीटर जवळ येते. २८ मिलिमीटरांचे हे झाले सुमारे ८. शिवाय रेलपासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी नव्या सीटची ७ मिलिमीटर कमी होती. टेपच्या खुणेने पोस्ट जिथल्या तिथे राहिला, पण बसण्याचा पृष्ठभाग खाली गेला. दोन्ही मिळून १५ मिलिमीटर कमी उंचीवर आणि पुढे सरकून मी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर गुडघा जास्त वाकवून पॅडल मारत राहिलो. सीट मागे घेतली, उंची त्या ८० मिलिमीटरच्या जागेवर फूटपट्टी टेकवून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून तिरप्या रेषेत पुन्हा ७१८ मिलिमीटरवर आणली, आणि तीन आठवड्यांत गुडघा शांत झाला. गुडघ्यांशी खेळ कोणत्या पद्धतीने झाला, हे यावरून आपणच ठरवावे.

८० हा आकडा सर्वांना लागू कसा, हा आपला प्रश्न आहे. तो बसण्याच्या नेमक्या जागेचा आकडा आहे असे मी म्हटलेलेच नाही. दोन सीटची तुलना करण्यासाठी ती एक समान खूण आहे, तिथून सुरुवात करून पुढे दोन-तीन मिलिमीटरांनी हलवत जायचे असते. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गुडघ्याची वाटी पॅडलच्या आसावर आणण्याचा नियम जुना आहे आणि अंदाजापुरता ठीक आहे. त्याला शरीरशास्त्राचा किंवा यंत्रशास्त्राचा आधार नाही, हे अमेरिकेतले सायकल-रचनाकार कीथ बॉन्ट्रेगर यांनी फार पूर्वीच मांडले आहे. आणि हा नियम तपासायचा तर क्रँक, म्हणजे पॅडलची दांडी, आडवी धरून गुडघ्यापासून दोरा सोडावा लागतो, म्हणजे आपण सांगितलेल्या पद्धतीलाही ओळंबाच लागतो, याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो.

नाशिकमध्ये अमेरिका ओलांडणारे सायकलपटू आहेत, त्यांना विचारावे, असेही आपण जाता जाता सुचवले आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली रेस ॲक्रॉस अमेरिका जोडीने पूर्ण केली, तेव्हा या शहरातल्या प्रत्येक सायकलस्वाराची मान उंचावली, माझीही. पण टोकाला टोक जुळवावे असे त्यांनी कुठे म्हटले असेल तर ते आपण दाखवावे. नसेल, तर आपल्या मताला त्यांच्या नावाचा टेकू देऊ नये.

आपल्या सीटची लांबी, टोकापासून ८० मिलिमीटर रुंदीच्या जागेपर्यंतचे अंतर आणि टोक बॉटम ब्रॅकेटच्या किती मागे आहे, ही तीन मापे जुन्या आणि नव्या सीटसाठी कळवलीत तर मी हिशेब करून देईन. आपल्या गुडघ्याला त्रास व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. लेखातला बोल्टचा आकडा बदलला आहे. छायाचित्र आणि ओळंब्याचा परिच्छेद जसा होता तसाच ठेवला आहे.