ग्राउंड ‘कुठेही’ जोडून चालत नाही

युरोरॅक सिंथ (एका केसमध्ये सुटी मॉड्यूल बसवून केलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: “ग्राउंड म्हणजे ग्राउंड, जवळ सापडेल तिथे जोडा. एकच रिबन केबल सगळ्या मॉड्यूलना पुरते. तरी हम आला तर प्लगची अर्थ पिन काढून टाका.” (ग्राउंड म्हणजे प्रवाह परत नेणारी 0 व्होल्टची वाट, हम म्हणजे स्पीकरमधली सततची घुरघुर.) यातला शेवटचा भाग जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

“अर्थ पिन काढा.” कधीही नाही. केसमध्ये 230 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि फेजची वायर सुटून धातूला टेकली, तर अर्थिंगमुळेच फ्यूज उडतो. जॅकची स्लीव्ह (ग्राउंडला जोडलेला बाहेरचा धातूचा भाग), अॅल्युमिनियमचं पॅनेल आणि रेल एकमेकांना जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर नॉबच्या शेजारी हात लावणाऱ्यालाच शॉक बसेल. हमचं कारण शोधायला मिक्सरची वायर काढून हेडफोनवर ऐका. हम गेला असेल, तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं. सिंथ आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर आउटपुटला 1:1 ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. आवाज 50 ऐवजी 100 हर्ट्झचा असेल, तर आधी सप्लायचे फिल्टर कपॅसिटर तपासा.

“एक रिबन पुरते.” हिशोब करून बघा. 28 गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम. दहा पिनांच्या रिबनमध्ये ग्राउंडच्या सहा तारा, म्हणजे अर्ध्या मीटरला जवळपास 18 मिलिओहम, कनेक्टरचा रोध वेगळा. टोकाच्या मॉड्यूलकडून 500 मिलिअँपिअर ग्राउंडवाटे परतले तर 9 मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारं मॉड्यूल) एका ऑक्टेव्हला, म्हणजे सप्तकाला, 1 व्होल्ट या हिशोबाने स्वर बदलतो, म्हणजे एका सेंटला (सप्तकाच्या 1200व्या भागाला) 0.83 मिलिव्होल्ट; चूक झाली 11 सेंटची. हा फरक स्थिर असता तर ट्यून करून टाकता आला असता. पण एलईडी लुकलुकतात, डिजिटल मॉड्यूलचा प्रवाह बदलतो, आणि स्वर त्याबरोबर हलतो. ऑपअँपचा (सिग्नल हाताळणाऱ्या चिपचा) स्वतःचा प्रवाह बहुतांशी +12 व्होल्टकडून −12 व्होल्टकडे जातो. ग्राउंडवर भार टाकतात ते एलईडी आणि प्रोसेसर.

“ग्राउंड म्हणजे ग्राउंड.” कागदावर हो, तांब्यात नाही. पॅच केबलची (मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या केबलची) स्लीव्हसुद्धा ग्राउंडचीच वाट असते. बसबोर्डची (मॉड्यूलना वीज वाटणाऱ्या पट्टीची) वायर बारीक असेल तर परतीचा प्रवाह स्लीव्हमधून जायला लागतो, आणि ऑसिलेटरशी संबंध नसलेली केबल लावली तरी ऑसिलेटरची पट्टी सरकते. हे लक्षात न आल्यामुळे ऑसिलेटरलाच दोष दिला जातो.

प्रत्येक बसबोर्डची 0 व्होल्टची वायर स्वतंत्रपणे, थेट सप्लायपर्यंत न्या, 1.5 चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड. 0 व्होल्ट आणि अर्थिंग जाणूनबुजून जोडायचं ते सप्लायपाशी, एकाच जागी. मॉड्यूलच्या +12 आणि −12 वर 10 ओहमचे रेझिस्टर चालतात; ग्राउंडच्या वाटेत रेझिस्टर किंवा फेराइट बीड (गोंगाट अडवणारा मणी) मात्र नको.

तपासायला मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळी प्रोब सप्लायच्या 0 व्होल्टवर, लाल ऑसिलेटरच्या जॅकच्या स्लीव्हवर. आता सगळे एलएफओ (संथ लहरी देणारी मॉड्यूल) आणि सिक्वेन्सर (स्वरांचा क्रम वाजवणारी मॉड्यूल) चालू करा. आकडा 1 मिलिव्होल्टहून जास्त हलला, तर वायरिंग बदला.