डॉक्टरांनी दवाखान्यातच बसायचं का?

माझ्या चुलतभावाने नगरपरिषदेच्या निवडणुकीचा अर्ज भरला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिमगा सुरू झाला. भाऊ बालरोगतज्ज्ञ, दवाखाना भरलेला. ‘नाडी बघायची सोडून मतं बघत फिरणार’ असं काका म्हणाले. ‘शहाण्या माणसाने त्या गटारात उतरावं कशाला?’ असं आत्याने विचारलं. मी त्याच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?’

काय जातं ते सांगते. पण आधी गटाराचं बघू.

मी राहते ते अमेरिकेत, बोस्टनजवळच्या वॉटरटाउनला. इथल्या पर्किन्स अंधशाळेचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ (१८०१–१८७६). त्यांच्या काळी शाळा बोस्टनमध्येच होती, इथे आली ती १९१२ला. हाऊंनी १८२४ साली हार्वर्डची डॉक्टरकी मिळवली आणि बोस्टनमध्ये पाटी लावायची सोडून ते थेट ग्रीसला गेले. तुर्कांविरुद्धच्या लढ्यात त्यांनी जखमींवर उपचार केले, आणि एजिना बेटावर निर्वासितांच्या हाताला काम म्हणून धक्का बांधून घेतला. त्यांच्याही घरी कुणीतरी कपाळाला हात लावलाच असेल.

१८४३ साली ते मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात होते. त्याच जानेवारीत डोरोथिया डिक्स या शिक्षिकेने राज्यातले तुरुंग आणि गरीबखाने पालथे घालून एक निवेदन तयार केलं. वेडी ठरवलेली माणसं तळघरात, पिंजऱ्यात, साखळदंडात, उघडीनागडी ठेवलेली तिने पाहिली होती. बाईला मत नाही, सभागृहात आवाज नाही. निवेदन मांडलं हाऊंनी, त्यावरच्या समितीचं कामही त्यांनीच पाहिलं, आणि वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयाचा विस्तार मंजूर झाला. दवाखान्यात बसून त्यांनी त्या तळघरांतला एकेक रुग्ण तपासलाही असता, पण रुग्णालय बांधायचे पैसे सभागृहातच मंजूर होतात. पुढे १८४८ साली मतिमंद मुलांसाठी वर्षाला अडीच हजार डॉलर, तीन वर्षांसाठी, सरकारकडून मिळाले ते हाऊंच्याच अहवालावर. मुलं फक्त दहा, पण ती शिकू शकतात हे राज्याने प्रथमच खर्चाच्या कागदावर मान्य केलं.

आता आमचा भाऊ. दर पावसाळ्यात जुलाबाने मलूल झालेली तीच पोरं, त्याच आळीतली, त्याच्याकडे येतात. तो ओआरएस लिहून देतो. त्या आळीत पाण्याची पाइपलाइन उघड्या गटारातून गेलेली आहे, आणि पाइप अन् गटार दोन्ही नगरपरिषदेचे. मग त्याने उतरायचं तरी कुठे, आत्या?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर भाच्याने गुगल करून हाऊंची उणीदुणी काढलीच. अंधांसाठी त्यांनी स्वतःची उठावदार रोमन लिपी चालवली, ब्रेलचे ठिपके बोटांना सोपे असूनही. बायको ज्युलिया वॉर्ड हाऊ कवयित्री, तिने चारचौघांत बोलणं-लिहिणं त्यांना खपत नसे. १८४६ला काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, उभे राहिले आणि पडले. ‘हाच का तुझा देवमाणूस?’ मी देवमाणूस म्हटलंच नव्हतं. हट्टी होते, नवरा म्हणून तर मला अजिबात चालले नसते. पण आपल्याकडे उमेदवार एक तर संत लागतो, नाही तर चोर. मधला चालतच नाही. इथे निदान कौन्सिलला उभा राहिलेला डेंटिस्ट कुणाला भ्रष्ट झालेला वाटत नाही. (इथलेही काही सभासद कसले आहेत ते मला माहीत आहे. ते ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणि मला काय जातं? मी इथे प्रॉपर्टी टॅक्स भरते, स्नो इमर्जन्सीला गाडी मुकाट्याने ड्राइव्हवेत घेते, स्कूल कमिटीच्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसते आणि मत देऊ शकत नाही. नोव्हेंबरात ऑफिसमधल्या सगळ्या जणी ‘मी मत दिलं’चे स्टिकर लावून येतात, तेव्हा मी कॉफी आणायला उठते. गावच्या मतदारयादीत नाव घालायचं तर परदेशस्थांसाठी वेगळा अर्ज आहे. तो भरला तरी बटण दाबायला विमानाने तिथेच जावं लागतं. हाऊ परक्या देशाच्या भानगडीत पडले तर ग्रीसने त्यांना मानाचा किताब दिला. मी माझ्याच गावच्या भानगडीत पडले तर ‘तिकडची’ ठरते. राग येतो तो याचा, भावाच्या निवडणुकीचा कमीच.

एन-४००, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, भरला तर पुढे इथे मत देता येईल. मग भारताचा निळा पासपोर्ट परत करायचा. नवरा दर थँक्सगिव्हिंगला विचारतो, ‘भरायचा का यंदा?’ मी म्हणते, बघू. त्याने त्याचा कधीच भरलाय, आणि त्याला गावचे ग्रुपही नाहीत.