गॅस गिझर मध्येच विझतो? वायर जोडू नका

बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'गिझर मध्येच विझत असेल तर सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडा.' सेन्सर म्हणजे धोका दिसला की गिझर बंद करणारा भाग. वायरी जोडायचा हा सल्ला चुकीचा आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयच असते. सोबतची पुस्तिका उघडून बघा. वायरी जोडल्यामुळे बंद न्हाणीत गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साठतो, आणि त्याला वासही नसतो.

आमचा गिझर गेल्या थंडीत नुसता टकटक करायचा, पेटायचा नाही. मी उगाच सिलिंडर हलवत बसलो! शेवटी खालच्या डबीतले दोन जाडे सेल बदलले, भप्पकन पेटला. टकटकही नसेल तर टाकीतलं पाणी, दाब बघा.

मेसेज पुढं पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. गॅसचा वास आल्यास १९०६ला फोन करा.