भाग १४ वरच्या प्रतिक्रियेला उत्तर: नादीण शिकारी नाही

नमस्कार. खाली कॉमेंटमध्येच उत्तर देणार होते, दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं, ते लांबतच गेलं म्हणून शेवटी वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. खारदेश हे माझं काल्पनिक जग आहे, सगळीकडे खाजण आणि तिवरं, पलीकडे उघडा समुद्र आणि त्यातली बेटं, आणि त्या बेटांच्या कपारीत राहतात नादिणी. ग्रीक गोष्टींमधल्या, गाण्याने खलाशांना खडकांकडे ओढणाऱ्या सायरन असतात ना, त्यांच्याच गोतातल्या. मराठीत सायरन म्हटलं की भोंगाच आठवतो म्हणून ते नाव मी घेतलं नाही, आणि 'नादी लागणं' हे आपल्याकडे आधीपासून आहेच. (भोंग्याला सायरन नाव पडलं तेही या बायांवरूनच बरं का. १८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच माणसाने त्याच्या यंत्राला ते दिलं, कारण ते पाण्याखालीही वाजायचं.) तर भाग १४ मध्ये भिवा तांडेलाची होडी खडकाच्या तोंडाशी येते आणि धाकटी नादीण गाता गाता मध्येच गप्प होते. होडी वाचते.

यावर 'खाडीवाला' या आयडीने एका वाचकांची मोठी कॉमेंट आली. त्यातले मुद्दे असे: भाग ३ मध्ये म्हटलंय की नादिणीला गाणं थांबवता येत नाही, मग इथे कसं थांबलं. सायरनला माशाची शेपटी असते, इथे पिसं कुठून आली. हवेतलं गाणं पाण्याखाली जाणार नाही. भाग ९ मधलं उधाण चुकलंय. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं देते: "शिकारी जनावर तोंडाशी आलेलं भक्ष्य सोडत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण लेखिकाबाईंनी एसीत बसून निसर्ग लिहिलाय."

दादा, तुम्ही मालिका पहिल्या भागापासून वाचताय हे कॉमेंटवरूनच कळतं, चौदा भाग वाचणारा माणूस मला परका नाही. म्हणूनच ते वाक्य लागलं. कथा आवडली नाही म्हणा, भाग फसला म्हणा, मी ऐकून घेईन. पण 'लेखिकाबाई' हा काय प्रकार आहे? लेखक असता तर 'लेखकबुवा' लिहिलं असतंत का? आणि एसी? मी ऐरोलीत वन बीएचकेमध्ये राहते, रात्री सगळे झोपले की किचनच्या ओट्याला टेकून मोबाईलवर लिहिते, वर पंखा आहे तोही तीनवरच ठेवते कारण पाचवर आवाज करतो आणि मुलगी उठते. हे मला कोणाला सांगायचं नव्हतं. तुम्ही सांगायला लावलंत.

आता निसर्ग. माझं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून कधी त्या गल्ल्यांमधून गेला असाल तर माहीत असेल, आता सगळीकडे बिल्डिंगा आहेत पण मी लहान असताना आजी खाडीतल्या निवट्या आणि चिंबोऱ्या घरी घेऊन यायची, मी त्यांच्याशी खेळायचे आणि संध्याकाळी त्याच जेवायचे. आजोबा तरुणपणी बाहेरच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते. ते सांगायचे की घोळ माशांचा थवा खाली असला की रात्री होडीच्या फळीला कान लावला तरी ऐकू येतं, कुणीतरी आत ढोल बडवतंय असं. मला वाटायचं आजोबा रंगवून सांगतायत. कॉलेजला गेल्यावर कळलं की घोळ, ढोमे ही सगळी जातच आवाज करणारी, पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ते ढोलासारखा आवाज काढतात, आणि सगळ्यात जास्त काढतात ते विणीच्या दिवसांत.

नादिणी मला तिथून सुचल्या, कुठल्याही सिनेमातून नाही. कारण बघा ना, घोळ ओरडते ती कोणासाठी? घोळीसाठी. आणि ऐकतं कोण? माझा आजोबा, जाळं घेऊन. जो आवाज आपल्या माणसाला बोलवायला काढला तो भलत्याच्याच कानावर पडला आणि त्यातून मरण आलं. मी फक्त ते उलटं केलं. नादीण गाते ती नादिणीसाठी, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, विणीच्या हंगामात. भिवा तांडेल आणि त्याच्यासारखे शेकडो खलाशी ते ऐकतात आणि खडकावर येऊन आपटतात, पण ते गाणं त्यांच्यासाठी नसतंच. डोल म्हणजे मोठं जाळं, ते लावलं मांदेली माशांसाठी आणि आत कासव सापडलं, म्हणून कोळी काय कासवाची शिकार करायला गेला होता का? तसं आहे ते. खडकाखाली हाडं पडलीत म्हणून तुम्ही तिला शिकारी ठरवून टाकलंत.

आमिष दाखवून मारणारे प्राणी मलाही माहीत आहेत. अमेरिकेत फोटुरिस म्हणून काजव्यांची एक जात आहे, त्यातली मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखं लुकलुकते, तिकडचा नर आशेने येतो आणि ही त्याला खाते. तुमच्या डोक्यात नादीण म्हणजे तीच आहे. साद वेगळी आणि आमिष वेगळं, आणि हा फरक मी भाग ५ मध्ये दीड पान लिहिलाय, तो तुम्ही घाईत वाचला असेल.

बरं, समजा शिकारीच आहे. तरी "सोडत नाही" हे तुम्हाला कोणी सांगितलं? पोट भरलेला बगळा ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उभा असतो आणि पायाशी निवटी उड्या मारत असते, ढुंकून बघत नाही. मी हे ऐरोलीच्या बाजूने इतक्यांदा बघितलंय. तुम्ही जूनच्या पहिल्या पावसानंतर रात्री येऊरला जा. डबक्याजवळ उभे राहा. बेडकांनी कान किटतील इतका आवाज असतो, नर सगळे, मादीला बोलवत असतात, वर्षातले मोजके दिवस मिळतात त्यांना, त्याहून मोठी ओढ त्यांच्या आयुष्यात दुसरी नाही. आणि आता एक पाऊल टाका. गप्प. सगळंच्या सगळं डबकं गप्प. रातकिड्याचं पण तेच, भिंतीजवळ गेलात की थांबतो. म्हणजे उपजत ओढ असली म्हणून ती थांबत नाही असं नाही, तिच्यापेक्षा जुनी दुसरी एक ओढ असते आणि ती आली की पहिली मागे सरते. जीव वाचवायची ओढ.

धाकटी गप्प झाली ती म्हणून. तिला भिवाची दया आली असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचा, तिथे फक्त एवढंच आहे की भिवाने वल्हं उचललं, त्याची सावली तिच्या खडकावर पडली आणि गाणं तुटलं. भिवाला वाटतं तिने आपल्याला सोडलं. पुढे तो आयुष्यभर त्या उपकाराखाली राहतो. ती घाबरली होती हे त्याला कधीच कळणार नाही. हा भाग लिहायला मला सात आठवडे लागले आणि तुम्ही त्याच्यावर शेंबडं पोर आणून बसवलंत.

भाग ३ मधल्या वाक्याचं म्हणाल तर ते म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडी आहे. माझ्या तोंडी नाही. खलाशी सांगतात ते सगळं खरं असतं असं नाही.

शेपटीचं. अहो, मूळच्या ग्रीक सायरन पक्ष्याच आहेत, बाईचं डोकं आणि पक्ष्याचं अंग. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सन पूर्व ४८० च्या आसपासचं एक भांडं आहे, त्याच्यावर ट्रॉयच्या युद्धाहून घरी निघालेला ग्रीक राजा ओडिसियस डोलकाठीला बांधलेला आणि वरून पंखवाल्या सायरन, त्यातली एक तर डोकं खाली करून कोसळतेय, फोटो नेटवर सापडेल. माशाची शेपटी त्यांना फार नंतर, युरोपातल्या मध्ययुगात लागली. आणि ही गोष्ट ज्यात आहे त्या होमरच्या काव्यात तर त्या दिसतात कशा हे सांगितलेलंच नाही. भोवती कुजलेल्या माणसांच्या हाडांचा ढीग आहे, पण त्या माणसांना खातात असंही तिथे म्हटलेलं नाही. त्या ओडिसियसला बोलवतात ते काय म्हणून? रूप दाखवून नाही, ये, आम्हाला ट्रॉयमध्ये काय काय झालं ते सगळं माहीत आहे, ऐकून शहाणा होऊन जा, असं म्हणून. म्हणजे तिथेही तुमचं ते भक्ष्य आणि जनावर सरळ बसत नाहीच.

आणि तिकडे जायची तरी काय गरज आहे. आपल्याकडे साती आसरा आहेतच की. विहिरीवर, डोहावर, नदीच्या वळणावर. आजी आम्हाला तिन्हीसांजेला पाण्याकडे जाऊ द्यायची नाही, पण तिने एकदाही आसरा वाईट आहेत असं म्हटलं नाही, ती म्हणायची ती जागा त्यांची आहे, आपण गेलो तर लागणारच. खणानारळाने त्यांची ओटी भरायची. ज्याची शिकार होणार तो शिकाऱ्याची ओटी भरतो का? आजीची ती समज माझ्या आख्ख्या मालिकेच्या मुळाशी आहे. एवढ्यासाठी मी चिडलेय दादा, 'एसीत बसून' हे तुम्ही माझ्या आजीला म्हणालात असं मला वाटलं, तुम्हाला तसं म्हणायचं नसेल कदाचित.

हवेतून पाण्यात आवाज जाण्याचं जे आहे त्यात आत्ता शिरत नाही. बराचसा वरच्यावर परततो हे मला माहीत आहे, नादिणी पाण्यात उतरून पण गातात, भाग ६ बघा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास, त्यामुळे बुडी मारलेल्या माणसाच्या दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि कुठून येतोय ते कळत नाही, म्हणून माझे पाणबुडे जागच्या जागी गोल फिरतात. तेही एसीतच सुचलं असेल.

आता उधाण. हे तुमचं बरोबर आहे आणि ते मी मान्य करते. भाग ९ मध्ये मी अष्टमीच्या रात्री उधाणाची भरती दाखवली आणि अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, उधाण अमावस्या-पौर्णिमेचं. कोळीवाड्यातल्या मुलीने हे चुकायला नको होतं. झालं असं की आधी तो प्रसंग पौर्णिमेचा होता, मग अंधार हवा म्हणून चंद्र अर्धा केला आणि पाणी तसंच राहिलं. काल रात्री दुरुस्त केलंय, आता तो प्रसंग अमावस्येला घडतो, अंधारही मिळाला आणि पाणीही. बाकी कथेत त्याने काडीचाही फरक पडत नाही, पण चूक ती चूक.

भाग १४ मात्र आहे तसाच राहील. तीन जणांनी इनबॉक्समध्ये लिहिलंय की धाकटीने गाऊन होडी फोडायला हवी होती. नाही. भाग १५ शनिवारी रात्री टाकते. यापुढे कॉमेंट करताना कथेवर कितीही कडक लिहा, मी कोणाचीही कॉमेंट उडवत नाही, तुमचीही उडवलेली नाही, पण बाई आणि एसी हे दोन शब्द घराबाहेर ठेवून या.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय, "तिथीची पाऊणपट करून बघा म्हणजे भरतीची वेळ कळेल". पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा, की सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहा. हा हिशोब मी आजोबांनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. माझ्या ऑफिसात कोणाला येत नाही, नवऱ्याला येत नाही. तुम्ही कुठले? दिवाळे, सारसोळे, की आमच्याच बाजूचे? तेवढं सांगा.